सीटचं नाक

हर्णैला ज्या घरी मुक्काम केला, तिथे रात्री ताटात तळलेला बांगडा आला आणि मला त्याचे काटे काढता येईनात.

बांगड्याचे काटे म्हणजे काही फार मोठी विद्या नव्हे. मधला कणा धरायचा, उचलायचा, बाजूला ठेवायचा. आमच्याकडे पाचवीतली पोरंसुद्धा करतात. मी कणा चिमटीत धरला आणि तो सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा कण्याबरोबर अर्धा मासा उडून पाण्याच्या तांब्यावर आपटला. उजव्या हाताची करंगळी सकाळपासून माझी नव्हतीच, तिच्या शेजारचं बोटही अर्धंच माझं होतं, आणि आता अंगठ्याचा जोरही गेलेला. भाकरी एका हाताने मोडायची लहानपणापासूनची सवय, तिथे मी दोन्ही हात लावून लहान मुलासारखा तुकडे करत होतो.

समोर खाटेवर बसून त्या घरातल्या आजी मालिका बघत होत्या. म्हणजे मला तसं वाटत होतं. जाहिरात लागली तशा त्या म्हणाल्या, "हाताला काय झाला वो?"

"काही नाही, सायकलमुळे जरा मुंग्या आल्यात."

"जरा?"

त्या उठल्या, हात धुतला, माझ्यासमोर पाट ओढून बसल्या आणि माझ्या ताटातला बांगडा स्वतःकडे घेऊन काटे काढायला लागल्या. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. घरात दोन मुलं आहेत, त्यातलं एक बारावीत. "अहो आजी, राहू द्या" असं मी दोनदा म्हणालो, पण दुसऱ्यांदा म्हणताना तोंडात घास होता. त्यांनी एकही काटा सोडला नाही. त्यांच्या बोटांना मासा दिसत असावा, डोळे परत टीव्हीवर होते.

सायकलवरून कोकण करणारे आम्ही पुण्याचे लोक फोटो टाकतो ते घाटमाथ्याचे, फेरीबोटीचे, नाहीतर सूर्यास्तासमोर सायकल उभी केलेले. आजीने काटे काढून दिलेल्या बांगड्याचा फोटो मी काढला नाही. काढायला हवा होता, कारण पुणे ते मालवण या सगळ्या प्रवासातलं मला नीट आठवतं ते तेवढंच.

तर हे झालं कसं, ते सांगतो. त्यात माझाच गाढवपणा आहे.

नोव्हेंबरात निघालो, एकटाच. पहिल्याच दिवशी ताम्हिणी घाट. मुळशीपर्यंत मजेत गेलो आणि धरणाच्या कडेकडेने जाताना लक्षात आलं की खालून आपल्याला काहीच कळत नाहीये. नेमकं कुठे ते चारचौघांत सांगायची पंचाईत, पण सायकलवाल्या पुरुषांना कळेल. आणि दर वेळी ते ऐकून हसणाऱ्या बायकांनो, तुमच्यातल्याही सायकलवाल्यांना विचारा, त्यांचेही हाल असतातच. आपलं वजन पडायला हवं बैठकीच्या दोन हाडांवर. ते मधल्या मऊ भागावर पडलं की तिथली नस आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि सगळं बधिर होतं. हे मला तेव्हा माहीत होतं असं नाही. मला तेव्हा एवढंच माहीत होतं की मी सहाशे रुपये देऊन सीटवर जेलचं जाडजूड कव्हर चढवलंय, तरीही हे का होतंय.

त्या कव्हरमुळेच होत होतं. गादी जितकी मऊ, तितकी हाडं आत रुततात आणि मधला फुगवटा वर येऊन नेमका नको तिथे दाबतो. दुकानात अंगठ्याने दाबून बघताना हे कुणाच्या डोक्यात येतं? आपण आपले "वा, किती मऊ" म्हणून पैसे देतो.

(एक कबुली इथेच देऊन टाकतो. पॅडवाल्या सायकलिंग शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं, हे मला पहिली दोन वर्षं माहीत नव्हतं. आतल्या चड्डीची शिवण आणि कोकणातला घाम यांनी मिळून जांघेत जे केलं, त्यावर खोबरेल तेल चोपडण्यापलीकडे इलाज नव्हता.)

तर मुळशीच्या पुढे एका टपरीवर थांबलो, अॅलन की (बोल्ट फिरवायची षटकोनी चावी) काढली आणि सीटचं नाक, म्हणजे तिचं पुढचं निमुळतं टोक, खाली केलं. थोडंसंच. काय सांगू, स्वर्ग! पाच मिनिटांत जाणीव परत आली. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी माणगावला पोचल्यावर लॉजच्या पार्किंगमध्ये नाक आणखी खाली केलं. चांगली गोष्ट दुप्पट केली की दुप्पट चांगली होते, हे आमचं घराण्यातलं गणित आहे. वडिलांनी रक्तदाबाच्या गोळ्यांबाबतही एकदा तोच प्रयोग केला होता.

दुसरा दिवस हरिहरेश्वर. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की शनिवार होता आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर देवापेक्षा ब्लूटूथ स्पीकर जास्त होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बागमांडल्याहून वेश्वीला जायची फेरीबोट पकडली. सावित्री नदी ओलांडली की रायगड संपून रत्नागिरी जिल्हा लागतो. तिकीट हातात घेतलं आणि ते बोटांतून निसटून पाण्यात गेलं. मी वाऱ्याला शिव्या घातल्या. तिकीटवाला म्हणाला, "वारा कुठाय?" खरंच नव्हता. तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी केळशीकडचे चढ मोजण्यात गुंग होतो. दुपारी आंजर्ल्याला पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता येईना तेव्हा बाटलीला दोष दिला. रात्री बांगडा आला, आणि आता दोष द्यायला कुणी उरलं नाही.

आजींनी दोन्ही पंजांना कोमट तेल चोळून दिलं. बरं वाटलं. बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं, पण त्या रात्री मला फरक करायचा नव्हता. सकाळी निघताना शर्टाची बटणं लावायला खोलीत दहा मिनिटं लागली आणि वरचं बटण शेवटी राहिलंच. पैसे देताना त्यांच्या सुनेने ते बघितलं, पण ती काही बोलली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

दाभोळ–धोपावे फेरी करून गुहागर तालुक्यात शिरलो आणि शृंगारतळीच्या थोडं अलीकडे मागचं चाक बसलं. हात धड असते तर मी स्वतः ट्यूब बदलली असती. टायर रिमवरून उतरवता येईना, म्हणून सायकल हाताने ढकलत बाजारात नेली. तिथे स्कूटरची आणि सायकलची पंक्चरं काढणारं एक दुकान सापडलं. मालक साठीचे, लुंगीवर, तोंडात तंबाखू. त्यांनी चाकाकडे बघितलंच नाही. सीटकडे बघितलं.

"ही कुणी पाडली?"

"मीच."

"मग आता हात दुखत असतील."

मी हातांबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. त्यांनी मला खुलासा वगैरे काही दिला नाही. घसरगुंडीवर बसून पुढे हात टेकल्यासारखं करून दाखवलं, बस्स. सीट पुढे उतरती असली की माणूस दिवसभर पुढे घसरत राहतो, आणि दिवसभर दोन तळहातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो. कोपरं ताठ, मनगटं मागे मोडलेली, आणि कोकणातल्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा हँडलमधून थेट तळव्याच्या टाचेत, म्हणजे मनगटालगतच्या गादीत. खालच्या दुखण्याची मी वर बदली करून टाकली होती, आणि बढती दिल्यासारखा खूश होतो.

त्यांनी जेलचं कव्हर काढलं, सीटवर लाकडी पट्टी आडवी ठेवली, तिच्यावर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी केली आणि पाणी दोन्हीकडे सारखं होईपर्यंत नाक वर घेतलं. पंक्चरचे पन्नास रुपये घेतले. सीटचे विचारले तर म्हणाले, "ते कव्हर ठेवून जा." त्यांच्या स्टुलावर ते अगदी बेतून शिवल्यासारखं बसलं. स्टुलावर ते चांगलंच असणार, स्टुलावर कुणी सहा तास पाय मारत नाही.

सपाट सीटवर खालच्या मुंग्या पुन्हा आल्या, पण दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहिलं की जात होत्या. हे "दर दहा मिनिटांनी उभे राहा" आमच्या पुण्यातल्या ग्रुपवरची जुनी जाणती मंडळी चार वर्षं सांगत होती. ती मंडळी सांगतात त्या सुरात कुणालाच काही ऐकावंसं वाटत नाही, ही माझी तक्रार कायम आहे. शिवाय माझ्या सायकलचं हँडल सरळ, म्हणजे हात ठेवायला जागा एकच. हाताची जागा बदलत राहा म्हणे. बदलून ठेवू कुठे, खिशात?

पुढचे चार दिवस तवसाळ–जयगड फेरी, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण. गोव्याला जायचं होतं, गेलो नाही. ब्रेक दाबायला दोनाऐवजी चार बोटं लागायला लागली, आणि विजयदुर्गच्या अलीकडच्या एका उतारावर तीही पुरेनात, तेव्हा घाबरलो. मालवणहून कुडाळला येऊन रेल्वे धरली.

पुण्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा काय केलं असेल? एक कागद दिला. अंगठा आणि तर्जनीच्या कडेत धरा म्हणाले, आणि ओढला. धरून ठेवायला म्हणून माझा अंगठा पेरात वाकला, तरी कागद गेलाच. मला वेश्वीचं तिकीट आठवलं. मग त्यांनी सुईच्या टोकाने करंगळी आणि अनामिका टोचून बघितली. अनामिकेच्या बरोबर मधून एक रेघ होती, करंगळीकडची बाजू बधिर आणि दुसरी जागी. एका बोटात दोन जिल्हे असल्यासारखं. पंजाची मागची बाजू मात्र शाबूत होती, त्यावरून ते म्हणाले की नस कोपरात नाही, मनगटात दाबली गेलीय. करंगळीकडच्या तळव्याच्या टाचेत दोन छोट्या हाडांमधून ती नस जाते. त्या बोगद्याला ग्युयाँ या फ्रेंच सर्जनचं नाव आहे, त्याने १८६१ साली त्याचं वर्णन केलं म्हणून. हँडलवर आपण नेमके त्याच्यावरच टेकतो. आणि तिथून जाणारी नस फक्त करंगळीची नाही. बोटं फाकवणं, चिमूट घट्ट धरणं, ही बारीक कामं करणाऱ्या स्नायूंनाही तीच चालवते. बांगडा तिथेच सुटला होता.

औषध काय, तर सायकल बंद. सहा आठवडे. बायकोने हे ऐकून डॉक्टरांकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने तिने माझ्याकडे लग्नातही बघितलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात शर्टाचं वरचं बटण लागलं. करंगळीचं टोक अजूनही थंडीत जरा परकं वाटतं. सायकलला आता हँडलच्या टोकांना शिंगं बसवून घेतलीत, हात बदलायला जागा झाली, आणि सीट बाटली ठेवून तपासतो. ग्रुपवर कुणी विचारलं तर ही युक्ती माझीच असल्यासारखी सांगतो.

जानेवारीत हर्णैहून फोन आला. सून होती, दापोलीचा कुणी पाहुणा पुण्याला यायचा होता, त्याच्यासाठी काही पत्ता विचारत होती. मागून आजींचा आवाज आला, "इचार त्यांना, काटे काढता येतात काय?"

"येतात म्हणावं," मी म्हणालो.

त्या आठवड्यात आम्ही कोळंबी आणली होती.