बाईंची तीन रकान्यांची वही

महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे शाळेचे पत्र आले आणि लेखणी आपल्या इंग्रजीच्या बाईंपाशीच अडून राहिली. इतर गुरुजनांनी मोठ्या मनाने समजून घ्यावे.

बाईंच्या तासाला वहीत सुटा शब्द लिहायला बंदी होती. पानावर तीन रकाने आखायचे, उजवीकडे 'डिसिजन'सारखे नाम लिहायचे, मधल्या रकान्यात 'फायनल', 'हेस्टी' अशी त्याला चालणारी विशेषणे आणि डावीकडे 'मेक', 'रीच', 'रिव्हर्स' ही क्रियापदे, म्हणजे ओळ डावीकडून वाचत गेले की निम्मे वाक्य तयारच असे.

एकदा वर्गातल्या एकाने, मोठ्या पावसाला 'बिग रेन' का म्हणायचे नाही, 'हेवी'च का, असे जरा चिडूनच विचारले. बाईंनी नियम सांगितला नाही (मुळात तो नाहीच, तर सांगणार काय!), उलट, मराठीत आपण काय काय 'मारतो' ते फळ्यावर लिहायला त्यालाच उभे केले. हाक, गप्पा, उडी, मिठी, फेरी, थापा अशी यादी वाढत गेली, मागच्या बाकावरून कोणीतरी 'दांडी'ही सुचवली, आणि यांतल्या एकाही ठिकाणी इंग्रजीत 'हिट' चालणार नाही, हे कोणी न सांगताच सर्वांच्या ध्यानात आले.

पुढे भाषांतराच्या व्यवसायात आल्यावर कळले की, इंग्रजी अध्यापनाचे ब्रिटिश अभ्यासक हॅरल्ड पामर यांनी टोकियोत १९३३ मध्येच इंग्रजीतील अशा शब्दजोड्यांवर अहवाल प्रसिद्ध केला होता. ऑक्सफर्डचा केवळ शब्दजोड्यांना वाहिलेला कोश मात्र २००२ साली आला. बाईंच्या वह्या त्याच्या कितीतरी आधीच्या. आज माझ्या हाताखाली शिकणाऱ्या भाषांतरकारांना मी मसुद्यातील नामे अधोरेखित करायला लावतो आणि मग प्रत्येकाचे क्रियापद तपासायला सांगतो. 'क्राइम'ला 'कमिट' लागते, 'अटेन्शन'ला 'पे', 'रिस्क'ला 'टेक' किंवा 'रन'. व्याकरण बिनचूक असूनही वाक्य परके वाटते, तेव्हा गोम बहुधा इथेच असते. हल्लीची मुले शब्द आणि त्यासमोर अर्थ एवढ्याच याद्या घोकताना दिसतात, याचे मात्र वाईट वाटते, कारण अर्थ पाठ होतो आणि निबंध लिहिताना हात तिथल्या तिथे थबकतो.

शाळेच्या ग्रंथालयासाठी शब्दजोड्यांचा असा एक कोश या लेखासोबत पाठवीत आहे. तो कुलूपबंद कपाटात न ठेवता नववीच्या वर्गात ठेवावा, एवढी विनंती.