आधी मास्ट सरळ, मग स्प्रेहूड – माझा अनुभव

२३ फुटी सेलबोटवर स्प्रेहूड, म्हणजे पुढून उडणारं पाणी अडवणारं कापडी छप्पर, बसवायचा म्हणजे चार पाइप वाकवून वर कापड ताणायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण छोट्या बोटीवर खरी अडचण असते ती बूमची, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या आडव्या दांडीची. बूम आणि केबिनचं छत यांच्यामध्ये जागाच इतकी कमी असते की हूड कितीही चांगला शिवा, बूम त्याला घासणार असेल तर एका मोसमात कापड गेलंच समजा. म्हणून कुणी विचारलं तर मी हेच सांगतो, आधी रिग, म्हणजे डोलकाठी आणि तिला धरणाऱ्या तारा, नीट लावून घ्या, बूम शेवटी कुठे येतोय ते बघा आणि मगच हूडचं माप घ्या.

आमच्या बोटीला दोन त्रास होते. वाऱ्याच्या तोंडावर चालताना पुढून उडालेलं पाणी सरळ कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या बसायच्या जागेत, यायचं, आणि जरा वारा वाढला की टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, इतका जड व्हायचा की दोन्ही हातांनी ओढून धरावा लागायचा, बोट सारखी वाऱ्याकडे वळायला बघायची. डोलकाठी, म्हणजे मास्ट, मागे जास्त कललेला असला की शिडांवरचा जोर मागे सरकतो आणि हे असं होतं. आता गंमत बघा, मास्ट मागे कलला की त्याच्याबरोबर बूमचं मागचं टोकही खाली येतं. म्हणजे जड टिलर आणि हूडला जागा नसणं, दोन्हीचं मूळ एकच. ३ मीटरचा बूम असेल तर मास्ट नुसता १ अंश पुढे आणला तरी बूमचं टोक साधारण ५ सेंमी वर जातं, आणि स्प्रेहूडच्या हिशोबात ५ सेंमी म्हणजे फार झाले.

मास्टचा कल बघायला मेन हॅलयार्डला, म्हणजे मोठं शीड वर चढवायच्या दोरीला, वजन बांधून खाली सोडलं आणि मास्टच्या पायापाशी मागे किती अंतर पडतंय ते मोजलं. हे अगदी वारा नसताना, पाणी शांत असताना आणि बोट सपाट असतानाच करायचं, कॉकपिटमध्ये दोन माणसं मागे बसली तरी आकडा बदलतो. मग बॅकस्टे (मास्टची मागची तार) आणि श्राउड (बाजूच्या तारा) सैल करून फोरस्टेचा (पुढच्या तारेचा) बॉटलस्क्रू, म्हणजे तार आवळायचा स्क्रू, थोडा थोडा आवळत गेलो. बॉटलस्क्रूच्या आट्यांना आधी लॅनोलिनचं ग्रीस लावा, स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं तर आटे एकमेकांत अडकतात आणि मग कापून काढण्याशिवाय इलाज नसतो.

पुढचं काम मास्ट डावी-उजवीकडे सरळ करणं. त्याच हॅलयार्डला स्टीलची टेप बांधली, वर ओढली आणि दोन्ही बाजूंच्या चेनप्लेटपर्यंत (जिथे श्राउड बोटीला जोडतात) मोजलं, दोन्ही आकडे जुळेपर्यंत कॅप श्राउड (मास्टच्या वरपर्यंत जाणारे) एकीकडे सैल, दुसरीकडे घट्ट. एकदा जुळले की नंतर दोन्ही बाजूंना सारखेच आटे द्यायचे.

आता ताण किती द्यायचा? ताण मोजायचं यंत्र नसेल तरी काम भागतं, आणि ही पद्धत मला फार आवडते म्हणून नीट सांगतो. १×१९ची (१९ तारा पिळून केलेली) स्टेनलेस वायर असेल तर २ मीटर लांबीत ती १ मिमी ताणली गेली की तिच्या तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण आलेला असतो, वायर जाड असो की बारीक, हिशोब तोच. मी २ मीटरची घडीची पट्टी घेतली, श्राउड हाताने आवळलेला असताना पट्टीचं वरचं टोक वायरला चिकटपट्टीने पक्कं केलं आणि खालचं टोक टर्मिनलच्या (वायरच्या टोकाच्या जोडाच्या) वरच्या कडेपासून ५ मिमीवर राहील असं बघितलं, ते टोक मोकळंच ठेवायचं. मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं आवळत गेलो. फट ५ची ८ मिमी झाली, म्हणजे ३ मिमी ताण, म्हणजे १५ टक्के. आमचे स्प्रेडर (श्राउड बाहेर रेटून धरणारे मास्टवरचे आडवे दांडे) सरळ बाजूला जाणारे आहेत आणि बॅकस्टे आहे, त्याला कॅप श्राउडसाठी एवढं योग्य. स्प्रेडर मागे वळलेले असतील तर थोडा जास्त ताण लागतो. लोअर श्राउड (मास्टच्या मधल्या भागापर्यंतच जाणारे) शेवटी, आणि ते लावताना मास्टच्या मागच्या खाचेला डोळा लावून खालून वर बघायचं, खाच कुठे वाकडी दिसली की लगेच कळतं.

पण खरी परीक्षा पाण्यावरच. मध्यम वाऱ्यात बोट १५-२० अंश कलेपर्यंत चालवली, वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूचा श्राउड हाताने हलवून बघितला, थोडा नरम लागला पण लोंबकळत नव्हता, आणि टिलर दोन बोटांनी धरता येत होता. हे झालं तेव्हा मला जो आनंद झाला तो हूड बसल्यावरही झाला नसेल.

त्याच फेरीत बूमची उंची मोजून घेतली. धक्क्यावर टॉपिंग लिफ्टवर (बूमचं टोक वरून धरणाऱ्या दोरीवर) लटकलेल्या बूमचं माप अजिबात धरू नका, मेनशीट (बूम ओढून धरायची दोरी) पूर्ण ओढली की तो बराच खाली येतो. रीफ घेऊनही, म्हणजे शीड लहान करूनही, मोजा, कारण मागचं रीफचं भोक कुठे आहे त्यावर बूम वर जातो की खाली बसतो ते ठरतं. या सगळ्यात जी उंची सर्वात कमी आली तिच्यापासून ८-१० सेंमी सोडून हूडचा माथा ठरवला. दुसरी मर्यादा डोळ्यांची, टिलरपाशी उभं राहिलं की हूडवरून दिसलं पाहिजे आणि बसलं की खिडकीतून. छतावरच्या विंचचं (दोऱ्या ओढायच्या चाकाचं) हँडल पूर्ण गोल फिरतंय ना, हेही फ्रेम दोरीने बांधून उभी असतानाच बघून घ्या.

फ्रेम २५ मिमीच्या स्टेनलेस पाइपची घेतली. साचा काढायला फ्रेमवर जाड प्लॅस्टिक ताणून मार्करने शिवणीच्या रेघा मारल्या, प्लॅस्टिकला सुरकुती राहिली तर ती कापडात उतरते म्हणून इथे अजिबात घाई नाही. कापड ॲक्रिलिक कॅनव्हास, आणि दोरा उन्हात न कुजणारा पीटीएफईचा. तो महाग पडतो, तरी घ्याच, कापड टिकतं आणि साधा दोरा उन्हाने आधी जातो.

छताला भोकं पाडताना मात्र जपा. आमच्या छतात मध्ये बाल्सा लाकडाचा थर आहे, त्यात पाणी गेलं की आतून कुजत जातं आणि बाहेरून कळतही नाही. म्हणून प्रत्येक भोक आधी मोठं पाडलं, घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरलं, वाळल्यावर त्यातच स्क्रूच्या मापाचं भोक पाडलं. भोकाची वरची कड थोडी रुंद केली की ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ चिकट पट्टी) तिथे स्क्रूभोवती दाबून बसते. ब्युटाइल हळूहळू दबत जाते, त्यामुळे काही दिवस रोज थोडं थोडं आवळायचं.

खिडकीच्या पारदर्शक पीव्हीसीवर मीठ वाळलेलं असताना कोरडं फडकं फिरवू नका, मिठाचे खडे ओरखडे पाडतात, आधी भरपूर गोडं पाणी. आणि बॉटलस्क्रूंना स्प्लिट पिना घालून टोकं वळवल्यावर वर टेप गुंडाळायला विसरू नका, विशेषतः हूडच्या जवळच्या, नाहीतर नवं कापड पहिल्यांदा तिथेच फाटतं.