करंगळीची सोय

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात सगळं असतं. मेगापिक्सेल, आयएसओ, सेकंदाला किती फोटो. करंगळी कुठं ठेवायची, एवढं मात्र कुणी छापत नाही. ही अडचण बेळगाव भागात माझ्या एकट्याची नसावी. इथल्या खेड्यांतल्या, लाल मातीत घोळलेल्या माणसानं शेकहँड केला की आपला हात आत गडप होतो. मी तालमीत फार टिकलो नाही, पण पंजा आजोबांचा आलाय. अंगठी मापात मिळत नाही, हातमोजे मिळत नाहीत, आणि कॅमेराही.

माझ्याकडं दोन आहेत. निकॉनचा डी७२००, २०१५ सालचा, आणि त्याच्या आदल्या वर्षी आलेला सोनीचा ए६०००. दोघांचाही सेन्सर, म्हणजे आतली चित्र टिपणारी चकती, एपीएस-सी या एकाच मापाची, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. वजन मात्र बॅटरीसकट निकॉनचं ७६५ ग्रॅम आणि सोनीचं ३४४, म्हणजे निम्म्याहून कमी. पायी फिरायचं तर हलका घे, असं कुणीही सांगेल. पण शिवजयंतीच्या चित्ररथांमागं रात्रभर निकॉन धरून फिरलो तरी माझा हात कुरकुरत नाही, आणि सोनी घेतला की तासाभरात मनगट बोलायला लागतं. विहिरीवरच्या बादलीची कडी बारीक असली की बोटं कापतात, जाड असली की तेवढंच पाणी सुखानं येतं, तसलंच हे. निकॉनची ग्रिप खोल आहे. तर्जनी बटणावर, उरलेली तिन्ही बोटं विळखा घालून, अंगठा मागच्या रबरावर. सोनीच्या ग्रिपवर माझी दोनच बोटं बसतात. करंगळी खाली लोंबत राहते आणि तिच्या वाट्याचं ओझं बाकीचे चिमटीत पेलत बसतात.

दोष सोनीचा नाही. लहान असणं हेच त्याचं काम, आणि चपळाईत तो निकॉनला ऐकत नाही. निकॉन सेकंदाला ६ फोटो काढतो, हा ११. आनंदवाडीच्या आखाड्यात कुणी ढाक हा डाव लावला की पैलवान हवेत असतानाचा क्षण त्यालाच सापडायचा. पण मागच्या चाकाच्या उजव्या कडेला आयएसओचं, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा त्याचं, बटण आहे आणि माझ्या अंगठ्याचा मांसल भाग नेमका तिथंच टेकतो. इकडं पैलवान चितपट, इकडं पडद्यावर आयएसओची यादी! निकॉनला पुढं तर्जनीला एक डायल, मागं अंगठ्याला एक. दोघांची वाटणी झालेली, भांडण नाही.

नाकाचं मात्र उलटं. निकॉनचं व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, मधोमध, त्यामुळं पडद्यावर कायम नाकाचं तेल. सोनीचं डाव्या कोपऱ्यात आहे, नाक बाहेर मोकळं श्वास घेतं. हा गुण मी मनापासून मानतो.

भाचीच्या हातात सोनी दिला की तो एकदम शहाणा होतो. तिचा अंगठा चाकाच्या अलीकडंच थांबतो. निकॉन पुढं केला तर म्हणते, "मामा, तुझा तो धोंडा नको बा मला."

तरी सोनी सोडवत नाही, म्हणून अनगोळच्या एका सुताराकडनं सागवानी ठोकळा करून घेतला. खाली ट्रायपॉडच्या पाव इंची स्क्रूचं भोक असतं, त्यातच तो बसतो. करंगळीला टेकायला बोटभर जागा झाली आणि चिमटीची पकड एकदम मूठ झाली. एवढ्याशा लाकडानं एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. अडचण एकच: बॅटरी आणि कार्ड दोन्हींचं दार त्याच ठोकळ्याखाली. निकॉनची कार्डं बाजूनं निघतात. इथं बॅटरी बदलायची तर आधी स्क्रू काढा, ठोकळा खिशात टाका, मग दार उघडा. बॅटरीही निकॉनच्या मानानं लवकर संपते, म्हणजे हा सोहळा भर कुस्तीत.

दारापुरता तुकडा कापून देतो म्हणालाय सुतार, पण मापाला कॅमेरा दोन दिवस दुकानात ठेवून जा म्हणतो. भुशात? मी अजून ठरवतोय.