चढणीआधी उतरण

७ डिसेंबर, रविवार

डर्ट बाइकवर चढ चढायला शिकणाऱ्याने सर्वांत आधी चढावर बंद पडायला शिकावं. ऐकायला उलटं वाटतं. पण नवशिका धास्तावतो तो अर्ध्यावर गाडी थांबली तर काय करायचं, या एका विचाराने. त्या धास्तीपोटी तो गरजेच्या दुप्पट वेगाने चढाला भिडतो, एखाद्या दगडावर पुढचं चाक उडतं आणि मग सगळं नशिबाच्या हवाली होतं. थांबता येतं, गाडी वळवता येतं, खाली उतरता येतं, एवढं अंगाला पटलं की थ्रॉटल, म्हणजे रेस, फिरवणारं उजवं मनगट आपोआप सैल पडतं.

यासाठी चढ लहान घ्यावा. १५ अंश पुरे. जमिनीवर फळी ठेवून तिच्यावर मोबाइल ठेवला की लेव्हलच्या ॲपमध्ये कोन कळतो. दहा मीटर आडव्या अंतरात साधारण २.७ मीटर उंची, असा हा चढ. आकडा किरकोळ वाटतो, पायथ्याशी उभं राहिलं की नाही. लांबी पंधरा-वीस मीटर, माथ्यावर सपाटी, खाली मोकळं मैदान. बाजूला घळ किंवा काटेरी तार असेल तर ती जागा सोडून द्यावी.

जमीन मुरमाची असेल तर हे दिवस सोन्यासारखे. पावसाचा ओलावा खाली टिकून असतो, वर दव बसतं, आणि टायरवरचे रबरी ठोकळे जमिनीत रुततात. मार्च उलटला की तोच चढ गोट्या पसरल्यासारखा सुटा होतो. पावसाळ्यात काळी माती टायरमध्ये अशी भरते की ठोकळे दिसेनासे होतात, आणि शेवाळलेल्या कातळावर तर कुठलाच टायर धरत नाही.

गडांच्या वाटा, देवराया, वनखात्याची जमीन यांवर गाडी घालायचीच नाही. मागच्या चाकाने गवताची मुळं उखडली की पहिल्याच पावसात तिथे चर पडतो आणि दरवर्षी खोल होत जातो. खासगी माळ, बांधावर मालकाला विचारून, एवढंच.

९ डिसेंबर, मंगळवार

आजचा विषय बंद पडलेली गाडी.

चढावर इंजिन बंद पडलं की रस्त्याच्या सवयीने डावा हात क्लच दाबतो. इथेच घोळ होतो. मागचं चाक मोकळं सुटतं, मग पुढचा ब्रेक आवळला जातो. पण चढावर पुढच्या चाकावर भारच थोडा असतो, ते न फिरता खडीवरून मागे घसरत येतं. याउलट इंजिन बंद, गिअर पडलेला आणि क्लच सोडलेला असेल तर मागचं चाक इंजिनच्या कॉम्प्रेशनवर, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेच्या विरोधावर, अडकून राहतं. चढावरचा हँडब्रेक तो हाच. म्हणून बंद पडली की क्लचवरून बोटं काढायची, पुढचा ब्रेक धरायचा आणि गाडीच्या डाव्या अंगाला उतरायचं. उजव्या अंगाला उतरलं तर क्लच हाताच्या टप्प्यात राहत नाही.

आता वळवणं. हँडल पूर्ण डावीकडे. पुढचा ब्रेक किंचित सैल करून क्लच अगदी थोडा दाबायचा, गाडी वीतभर मागे सरकते, क्लच सोडला की जागीच थांबते. असं चार-पाच वेळा. दर खेपेला मागचं चाक डावीकडे जातं आणि गाडीचं तोंड उजवीकडे वळतं. शेवटी गाडी चढाला आडवी होते, तिचं डावं अंग डोंगराकडे येतं आणि आपण आपोआप वरच्या बाजूला असतो. गाडी जरा आपल्याकडे कललेली ठेवायची. मग हँडल पूर्ण उजवीकडे आणि त्याच पद्धतीने वीत-वीत पुढे. तोंड उताराकडे झालं की भार पुढच्या चाकावर येतो, आता पुढचा ब्रेक पक्का धरतो. बसायचं, फर्स्टमध्ये इंजिन सुरू करायचं, क्लच पूर्ण सोडून इंजिन ब्रेकिंगवर, म्हणजे इंजिनच वेग धरून ठेवेल असं, उतरायचं. पाय मागच्या ब्रेकवर हलका, पुढच्यावर एकच बोट. उतारात क्लच दाबला की गाडी सुसाट सुटते.

चढाच्या खालच्या अंगाला उभं राहून गाडी सावरायला जाऊ नये. हीरोची एक्सपल्स २०० घेतली तरी दीडशे किलोच्या वर भरते, ती अंगावर आली की पाय मोडतो. तोल गेला तर हँडल सोडून वर सरकायचं. लिव्हर वाकेल, हँड गार्डला चरा पडेल, एवढंच.

ही वळवणी सपाटीवर दहा वेळा करावी, मग १५ अंशांवर मुद्दाम गाडी बंद पाडून पाच वेळा. त्याआधी माथ्याचं नाव काढू नये.

१० डिसेंबर, बुधवार

छोटी गोष्ट, पण अडवते. फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांमध्ये आडवं पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. उभी करून स्टार्टर दाबला तरी ती उठत नाही. चावी बंद करून पुन्हा चालू करायची, मग उठते. जुन्या धाटणीची कार्ब्युरेटरवाली पडली तर पेट्रोलचा कॉक आधी बंद.

११ डिसेंबर, गुरुवार

‘पुढे वाक’ हे सगळेच सांगतात. त्याचा हिशेब मांडून पाहावा.

एक्सपल्सच्या दोन चाकांमधलं अंतर १४१ सेंटिमीटर. गाडी आणि माणूस मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून ढोबळ ८० सेंटिमीटरवर धरू. २० अंशांच्या चढावर तो मध्य मागच्या चाकाकडे सुमारे २९ सेंटिमीटर सरकल्यासारखा होतो. आता ७० किलोचा माणूस अंग २० सेंटिमीटर पुढे नेतो, तेव्हा एकूण मध्य पुढे येतो फक्त सहा सेंटिमीटर. उरलेले तेवीस अंगाने भरून निघत नाहीत. ते थ्रॉटलच्या हातातच सांभाळावे लागतात, कारण झटक्याने रेस दिली की पुढचं चाक आणखी हलकं होतं.

म्हणून वाकावं जरूर. पावलाचा चवडा फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, गुडघे वाकलेले, टाकी मांड्यांत घट्ट धरलेली, छाती हँडलवर, कोपरं बाहेर आणि वर. टाकी मांड्यांत धरण्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. ती सुटली की माणूस हँडलला लोंबकळतो, अंग मागे जातं, त्याबरोबर उजवं मनगट खाली ओढलं जातं आणि थ्रॉटल उघडतो. थ्रॉटल उघडला की अंग आणखी मागे. गाडी उलटी पडते ती बहुधा अशीच.

फार पुढे गेलं तरी नडतं. मागचं चाक हलकं होऊन जागीच फिरू लागतं, खडे पाठीमागे उडतात, इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी मात्र तिथेच. तेव्हा रेस थोडी कमी करायची आणि कंबर चार बोटं मागे न्यायची. खडे उडायचे थांबले की पकड आली.

१३ डिसेंबर, शनिवार

टायरमधली हवा. रस्त्यावर २५-२८ पीएसआय असते, मुरमावर ट्यूबच्या टायरला १८ ते २० ठेवावी. टायर जमिनीवर पसरतो, ठोकळे जास्त धरतात. एवढ्या वजनाच्या गाडीला त्याखाली नेलं तर दगडावर आपटून ट्यूब रिमला चिमटते आणि सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. स्पर्धेच्या हलक्या गाड्या १२-१३ वर पळतात, पण त्यांना रिम लॉक, म्हणजे टायर रिमवर घट्ट दाबून धरणारी पकड, असतो.

रिम लॉक नसेल तर कमी हवेत, चढावर जोर पडताना टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबला बरोबर ओढतो. व्हॉल्व्हकडे बघावं. तो रिमला सरळ काटकोनात उभा हवा. तिरका झाला असेल तर ट्यूब सरकलीय, आणखी दोन चढांत व्हॉल्व्ह मुळातून तुटेल. व्हॉल्व्हचं नट रिमवर घट्ट आवळू नये. ते वर टोपीपाशी नेऊन ठेवलं की सरकणं डोळ्याला लगेच दिसतं. परतीला डांबरी लागण्याआधी पंपाने हवा भरून घ्यायची.

गाडी खालच्या वेगाला ओढत नसेल तर पुढच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चकतीला, एक दात कमी करावा. मागे साधारण तीन दात वाढवल्याइतका फरक पडतो, आणि खर्च कमी. हायवेवर इंजिन जास्त फिरतं, ते सोसावं लागतं.

१४ डिसेंबर, रविवार

आता चढ. आधी पायी चढून यावं. सुटे दगड, चर, आणि माथ्यापलीकडे काय आहे ते पाहावं. माथ्यावर बांध असेल, गुरं असतील, सरळ कडाही असेल. खालून यातलं काहीच दिसत नाही.

गिअर पायथ्याशीच ठरवायचा. बहुतेक चढांना सेकंड. फर्स्टमध्ये चाक लवकर फिरतं आणि गाडी झटके देते. थर्डमध्ये अर्ध्यावर दम जातो आणि मग गिअर उतरवताना वेग मरतो. वेग सपाटीवर घ्यायचा, चढ लागायच्या आधी. चढावर थ्रॉटल एकसारखा. इंजिन गुदमरू लागलं तर क्लच एका-दोन बोटांनी जरासा घ्यायचा, आवाज वर आला की सोडायचा. नजर चाकापुढच्या दगडावर ठेवली की गाडी त्याच दगडावर जाते, म्हणून नजर आठ-दहा मीटर पुढे. माथा दोन मीटरवर आला की रेस कमी. नाहीतर माथ्यावर गाडी हवेत जाते.

गाडी चढणार नाही हे बहुधा माथ्याच्या बरंच आधी कळतं. तेव्हा रेटत बसू नये. वेग शिल्लक असतानाच थ्रॉटल सोडून, इंजिन बंद पाडून, स्वतःच्या पायांवर थांबावं आणि मंगळवारची वळवणी करावी.

दोन-तीन प्रयत्नांनंतर क्लचचा जळका वास आला तर दहा मिनिटं गाडी सावलीत. तेवढ्यात व्हॉल्व्ह आणि मागचे स्पोक तपासून होतात. २० अंशांचा चढ पुढच्या रविवारी, तोही दव सुकायच्या आत.