पन्नास किलोची स्टेपनी आणि यूटातले रस्ते

अमेरिकेतल्या यूटा राज्यात, कॅनियनलँड्स नॅशनल पार्कमधला व्हाइट रिम रोड म्हणजे १०० मैलांचा, साधारण १६० किलोमीटरचा, कच्चा वळसा आहे. वाटेत प्यायचं पाणी मिळत नाही, पेट्रोल मिळत नाही, पंक्चरवाला तर दूरच. गाडी आत अडकली तर ओढून आणायचं बिल हजार डॉलरच्या पुढे जातं, हे पार्कवाले आधीच सांगून ठेवतात. सॉल्ट लेक सिटीत राहायला आल्यापासून आम्ही दोघं अशाच रस्त्यांच्या प्रेमात आहोत, आणि म्हणून आमच्या घरी स्टेपनी हा फार गंभीर विषय आहे.

आमच्या पिकअपला कंपनीचे टायर होते २६५/७० आर १७, म्हणजे उभं चाक साधारण ८० सेंटिमीटरचं. दगडांतून पोट घासू नये म्हणून आता ३५ इंची टायर घातलेत. ते ८९ सेंटिमीटर उंच, शिवाय पाच सेंटिमीटरनं जास्त रुंद. रिमसकट एका चाकाचं वजन ४५ ते ५० किलो. वाशी मार्केटमधली कांद्याची भरलेली गोणी जेवढी, साधारण तेवढं.

भांडुपच्या मामानं व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न हाच विचारला, "अगं, मग जुनंच चाक स्टेपनी म्हणून ठेव ना, हलकं आहे!" मामाची हयात भाजीच्या टेम्पोवर गेली, त्यामुळे त्याचा प्रश्न रास्तच होता. पण हिशेब करून बघा. ८० सेंटिमीटरचं चाक ८९ सेंटिमीटरच्या जोडीला लावलं, तर तेवढंच अंतर कापायला लहान चाकाला दहा-अकरा टक्के जास्त फिरावं लागतं. तो फरक सतत डिफरन्शियल, म्हणजे एक्सलवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी दातेरी चाकांची पेटी, सोसतं आणि तापतं. घट्ट जमिनीवर फोर व्हील ड्राइव्ह लावायची तर सोयच उरत नाही. आणि नेमकी तीच लागते असल्या रस्त्यावर. गावात चार किलोमीटर हळू जायला चालेल, पण खोऱ्याच्या तळाशी नाही. स्टेपनी उरलेल्या चार चाकांच्याच मापाची हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग ती ठेवायची कुठे? कंपनी ती हौद्याखाली (पिकअपच्या मागच्या, सामान ठेवायच्या उघड्या भागाखाली), मागच्या एक्सलच्या मागे, तारेवर लटकवते. ३५ इंची चाक तिथे बहुतेक गाड्यांत बसत नाही. एका बाजूला सायलेन्सरचा पाइप, दुसऱ्या बाजूला चासी, मागे ट्रेलर जोडायचा हूक. बळंच बसवलं तर ते इतकं खाली लोंबतं की चढावर चढताना आधी तेच दगडावर टेकतं. जीप ग्लॅडिएटरच्या खाली ३५ इंचीची जागा कंपनीनंच ठेवलेली आहे, पण आमची गाडी ती नव्हे.

टपावर ठेवणारे दिसतात. पन्नास किलो डोक्याच्या वर! तिरक्या उतारावर गाडी कलंडण्याची भीती वाढते ती वेगळीच, आणि एकट्या बाईनं ते चाक तिथून उतरवायचं कसं?

दिसायला सगळ्यात रुबाबदार म्हणजे मागच्या बंपरवर बिजागरीनं दाराप्रमाणे उघडणारा लोखंडी हात, त्यावर चाक. हौदा मोकळा राहतो, चाक कमरेच्या उंचीला असतं. पण वजन एक्सलच्या मागे टांगलं की तरफेसारखं काम करतं. एक्सलच्या १.३ मीटर मागे ५० किलो ठेवले आणि दोन एक्सलमधलं अंतर ३.२ मीटर असेल, तर पुढच्या चाकांवरचा भार २० किलोनं कमी होतो आणि मागच्यांवर ७० किलो चढतात. वर त्या जाड बंपरचं स्वतःचं वजन. खडखडाट्या रस्त्यावर बिजागरीला सतत हिसके बसून वेल्डिंगला तडे जाऊ शकतात. तो हात चासीला पक्का जोडलेला हवा; नुसत्या फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेवर, एवढं चाक टांगणं मला धोक्याचंच वाटतं.

आम्ही चाक हौद्यात घेतलं, केबिनच्या अगदी मागे, उभं. तिथे ते मागच्या एक्सलच्या पुढे येतं, म्हणून भार दोन्ही एक्सलांवर वाटला जातो. हौद्यातली जागा जाते, हे खरं. तंबू आणि पाण्याचे कॅन त्याच्याभोवती रचावे लागतात. चाक नुसत्या पट्ट्यानं बांधलेलं नाही, हौद्याच्या तळाला बोल्टनं बसवलेल्या लोखंडी स्टँडवर नटांनी आवळलेलं आहे. टकरीत वजनाच्या वीसपट हिसका बसला तर हेच ५० किलो एक टनाच्या जोरानं केबिनवर येतील. माणसं पुढे बसलेली असतात, इथे काटकसर नको.

उतरवायला घडीचा अ‍ॅल्युमिनियमचा रॅम्प आहे, इथे लोक मोटरसायकल चढवायला वापरतात तसला. फाळक्याची उंची ८५ सेंटिमीटर, रॅम्प अडीच मीटरचा. पंक्चर झालेलं चाक त्यावरून वर ढकलायला १७ किलोच्या आसपास जोर पुरतो. तेवढा माझ्या अंगात आहे. नवऱ्याचा पाय मुरगळला असेल, तो आजारी असेल, तरी मला एकटीला चाक बदलता आलंच पाहिजे, हा माझा आग्रह होता आणि तो मी सोडला नाही. जी स्टेपनी गाडीतल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाला काढता येत नाही, तिचा भरवसा मी धरत नाही.

मुंबईत मोठे टायर घालायच्या भानगडीत पडू नका, मामाला मी तेच सांगितलं. भारतात २०२० पासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असलेल्या छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीशिवाय चालायची मुभा आहे. पण टायरची बाजू फाटली तर किटचा उपयोग नाही, म्हणून घाटात जाणाऱ्यांनी स्टेपनी ठेवावीच. ज्यांची मागे खाली तारेवर लटकते, त्यांनी पावसाळ्याआधी ती एकदा खाली सोडून बघा. चिखलानं आणि खाऱ्या हवेनं तार गंजून अडकली असेल तर ते घरासमोर कळलेलं बरं. तार पुसून ग्रीस लावा, हवा तपासा आणि टायर कधी बनला ते सांगणारे त्याच्यावरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. न वापरलेला रबरही म्हातारा होतोच.