हिरव्या पिशवीची दुहेरी गाठ

स्वीडनमधल्या लिनशॉपिंग शहरात राहायला आले तेव्हा शेजारच्या आजींनी मला सगळ्यात आधी पिशवीला गाठ मारायला शिकवलं. एक नाही, दोन गाठी, त्याही घट्ट. बटाट्याची सालं, कॉफीचा चोथा, माशाचे काटे, उरलेला भात, सगळं हिरव्या पिशवीत भरायचं आणि ती पिशवी बाकीच्या कचऱ्याच्याच डब्यात टाकायची. मी गोंधळले. वेगळं केलेलं पुन्हा एकत्र कशाला?

गार्स्टाडच्या कचरा केंद्रात सरकत्या पट्ट्यावर कॅमेरे हिरवा रंग ओळखतात आणि तेवढ्या पिशव्या बाजूला काढल्या जातात. बाकीचा कचरा जाळून शहरातली घरं उबदार ठेवतात. वाटेत गाठ सुटली तर आतलं अन्नही त्याच आगीत जातं. आजींचा आग्रह त्यासाठी होता.

बाजूला काढलेल्या अन्नाची पुढची गोष्ट आपल्याला परकी नाही. आजोळच्या परसात गोबर गॅसची टाकी होती, शेण-पाणी कालवून आत सोडायचं आणि आजी त्यावर भाकरी करायची. इथल्या टाक्या अवाढव्य आहेत. त्यांत खाटीकखान्याचे अवशेषही येतात, म्हणून माल आधी तासभर 70 अंशांवर तापवून निर्जंतुक करतात. बाहेर बर्फ असला तरी आत जिवाणूंना ऊब लागते. बायोगॅस तयार होतो, त्यात मिथेन असतो, पण कार्बन डायऑक्साइडचाही मोठा वाटा असतो. चुलीला तो चालतो, गाडीला नाही. म्हणून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढतात, जवळजवळ निव्वळ मिथेन उरतो आणि तो सुमारे 200 बार दाबाने गाड्यांच्या टाक्यांत भरतात. आपल्या सीएनजी रिक्षात असतो तसाच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या बसचौकात डिझेलच्या धुराने जीव घुसमटायचा. 2002 पर्यंत शहरातल्या साऱ्या बस बायोगॅसवर आल्या. 2005 मध्ये लिनशॉपिंगहून वेस्टरविकला बायोगॅसवर धावणारी जगातली पहिली प्रवासी रेल्वेही सुटली. 'उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते' म्हणतात ना? इथे ती काही आठवड्यांत फिटते, हे मला फार भावतं.

आपल्याकडे इंदूरला फेब्रुवारी 2022 मध्ये रोज 550 टन ओला कचरा पचवणारा प्रकल्प उभा राहिला. तिथे घराघरांतून ओलं-सुकं वेगळं येतं, म्हणून तो शक्य झाला. टाकीत प्लास्टिक गेलं की सारं बिघडतं. यंत्रं विकत घेता येतात, पण ही सवय स्वयंपाकघरातच लागावी लागते. स्वीडनमध्ये तर जानेवारी 2024 पासून घरातला अन्नाचा कचरा वेगळा गोळा करणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. बस, रेल्वे, कॅमेरे, तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि टाकीतली मळी? ती शेताला मिळते की नाही?"

मिळते, आई. टँकरने जाते, आसपासच्या शेतांत.