दुपारी दोननंतर

पोस्टाच्या खिडकीमागे माझी एकतीस वर्षं गेली. त्यामुळे वाट पाहणारा माणूस मी पाठमोरासुद्धा ओळखते. कराडला होते तेव्हा मे-जून आला की पोरं यायची, कॉलेजच्या नाहीतर मुलाखतीच्या पत्रासाठी. काही धीट गडी पोस्टमनला थेट चौकात गाठायचे. तो सायकल टेकवायचा, थप्पी चाळायचा आणि मान हलवायचा. पोरगं निमूट घरी. दोन वाजेपर्यंत बीट, म्हणजे पोस्टमनची वाटपाची फेरी, संपायची, मग उद्यापर्यंत काही म्हणता काही येणार नाही हे ठरलेलं. रविवारी तर सुट्टीच. तेव्हा मला त्यांची कीव यायची. आता वाटतं, सुखात होती ती पोरं.

माझी लेक २४ नोव्हेंबर २०२४ ला कॅटला, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांतल्या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेला बसली. हिंजवडीची नोकरी सांभाळून वर्षभर पहाटेचा अभ्यास. १९ डिसेंबरला निकाल लागला, ९८.४ पर्सेंटाइल. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि विचारलं, "अठ्ठ्याण्णव टक्के पडल्यावर परत मुलाखत कशाला?" पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरातली किती मुलं आपल्या मागे राहिली तो आकडा, हे त्यांना समजावण्यात एक संध्याकाळ गेली. परीक्षेला बसले होते सुमारे २.९३ लाख. म्हणजे आमच्या कन्येच्या पुढे अजून साडेचार हजारांवर मुलं. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "एवढी हुशार पोरं आहेत, मग आपले रस्ते असे का?"

मुलाखती तीन झाल्या, सांगण्यासारखी एकच. मार्चमध्ये, मुंबईला. मी डबा घेऊन सोबत गेले होते आणि खाली लॉबीत बसले होते. आधी अर्धा तास काहीतरी लिहायला लावलं, मग आत बोलावलं. समोर दोघं प्राध्यापक. आई काय करते, तर पोस्टात. त्यावर त्यांनी विचारलं, "मग पोस्टाची एक तरी चांगली कल्पना सांग." पोरीने पिनकोड सांगितला. लहानपणी तिला झोप येईना की मी पिनकोड समजावायचे (इतर आया परीराणी सांगतात). आमचा कोथरूडचा ४११०३८. पहिला ४ म्हणजे विभाग, महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून पत्रं जिथे छाटली जातात तो जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे पत्र वाटणारं पोस्ट. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू, आणि ही योजना आखणारे आपले मराठी गृहस्थ, श्रीराम भिकाजी वेलणकर, जे संस्कृतात कविता करायचे. "आणि सैन्याचा पहिला आकडा?" "नऊ." दोघं एकमेकांकडे बघून हसले.

त्या हसण्याने आमचा पुढचा महिना खाल्ला. शिवनेरीत बसल्यापासून सुरुवात झाली. आवडलं म्हणून हसले? की एमबीएच्या मुलाखतीत हे काय पुराण, म्हणून? डाव्या बाजूचे आधी हसले की उजव्या? माझा नवरा म्हणाला, "चहा आला असेल." मग तिला आठवलं की दहावी-बारावीचे गुणही शेवटच्या हिशेबात धरतात, आणि दहावीला भूमितीत गेलेले सहा मार्क दहा वर्षांनी परत घरी राहायला आले.

मे २०२५ मध्ये त्या मुलाखतीचा निकाल लागला. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. प्रतीक्षायादी, क्रमांक १६७. नवऱ्याने लगेच रेल्वेचा दाखला दिला, पण रेल्वेत निदान चार्ट लागतो, आरएसी म्हणून अर्धं बाकडं तरी मिळतं. इथली गंमत वेगळीच. वरच्या मुलाला आणखी चांगल्या ठिकाणी जागा मिळाली, त्याने ही सोडली, की खालचा एक पायरी चढणार. म्हणजे आमचं भलं व्हायचं तर आधी १६६ अनोळखी पोरांचं भलं व्हायला हवं. सासूबाईंनी संध्याकाळच्या दिव्यापाशी तेही मागून टाकलं, "सगळ्यांना अहमदाबादच्या आयआयएमला घे रे बाबा."

१६७ चा १२१ झाला, मग १०४. (तिथेच तो थांबला आणि लेक दुसऱ्या संस्थेत गेली, पण तो जूनचा शेवट. मी सांगतेय ते मेमधलं.) पोर्टल कधी बदलेल याला काही काळवेळ नाही. ती रात्री साडेअकराला बघणार, पहाटे पाण्याला उठली की बघणार, रविवारी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता डाव्या हाताने बघणार. आणि अडवून विचारावं असं चौकात कोणी नाही. एकदा ईमेल आला म्हणून ती किंचाळली, तर तो कपड्यांच्या सेलचा निघाला.

शेवटी मी घरात पोस्टाची वेळ लावली. दिवसातून एकदाच बघायचं, दुपारी दोनला, रविवारी बंद. तीन दिवस तिने बाथरूममध्ये जाऊन नियम मोडला. मला कळत होतं, नळ चालू नसायचा.

चौथ्या दिवशी शनिवार होता. दीडच्या सुमाराला बेल वाजली. मी कणकेत होते, म्हणून लेकच धावली. आमच्या बीटचा पोस्टमन, मला ओळखणारा. सासूबाईंचं एलआयसीचं पत्र होतं. ते घेऊनही ही दारातच उभी. त्याने तिच्याकडे पाहिलं, काय समजला कोण जाणे, पण हातातली थप्पी अंगठ्याने चाळली, पार शेवटपर्यंत, आणि मान हलवली.

"ताईंचं आज काही नाही."

"बरं," ती म्हणाली. पत्र टेबलावर ठेवलं, फोन फ्रिजवर ठेवला, पंखा पाचावर केला आणि साडेपाचपर्यंत झोपली.